मदत हवी आहे : पेणमधील जनमेळाव्याचे नियोजन

सर्वांना सप्रेम नमस्कार,

जागतिकीकरण आणि माणसाची प्रतिष्ठा या विषयावर येत्या हिवाळ्यात पेण येथे दोन दिवसांचा मेळावा घेण्याचा आमचा विचार आहे. स्थळ मुद्दामच निवडले आहे. महामुंबई सेझसाठीच्या (विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या) भूसंपादनाबाबत हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांनी 21 सप्टेंबर 2008 रोजी जनमत नोंदवले, ते याच परिसरात. शेतकरी, मिठागरांतील मजूर, कोळी आणि कंत्राटी सफाई कामगार यांनी स्वतः बोलावे आणि एरवी मंचावर दिसणाऱ्या आम्हा मंडळींनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, अशी कल्पना आहे.

खरी अडचण पैशांची आहे. 2004 च्या जानेवारीत मुंबईत गोरेगावला भरलेल्या जागतिक सामाजिक मंचाच्या, म्हणजे जगभरच्या जनचळवळींच्या मेळाव्याच्या वेळी भारतीय आयोजकांनी फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेचा निधी नाकारला होता. तसाच, कंपन्यांचा पैसा न घेण्याचा निर्णय आम्हीही घेतला आहे, पण रोजंदारी बुडवून येणाऱ्या बायांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणे आम्हाला अत्यावश्यक वाटते. केवळ गावोगावच्या वर्गणीतून आणि घरोघरच्या भाकऱ्यांवर असा मेळावा कोणी पार पाडला आहे का, आणि हिशेब जाहीरपणे कसा मांडला?

शिवाय, रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागत असल्याने शाहिरी कार्यक्रम केव्हा ठेवावा आणि मैदान व पोलीस परवानगीचे अर्ज किती आधी द्यावेत, हेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.