दुसरीतल्या मुलीचं गणित घरकामातून पक्कं करायचंय, सुरुवात कुठून करावी?

ओसरी
मुलगी दुसरीत आहे, शाळा सेमी-इंग्रजी. १० पर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत, तरी तीन गोष्टी अडतात. 'पंचवीस लिही' म्हटलं की ५२ लिहिते. ३४ + २८ ची उभी मांडणी दिली तर उत्तर ५१२ येतं. आणि १३ रुपयांच्या वस्तूला २० ची नोट दिली तर परत किती घ्यायचे, ते सांगता येत नाही. शिकवणी, ॲप, वर्कबुक यांतलं काही नको आहे. रोज स्वयंपाकाच्या वेळचा अर्धा तास आणि रविवारची मंडई एवढं हाताशी आहे. कोणत्या क्रमाने काय करावं? साहित्य घरातलंच सुचवा.

खडूपाटी
५२ लिहिते म्हणजे ती नीट ऐकते आहे. 'पंच-वीस' मध्ये पाच आधी कानावर पडतो, वीस मागून. ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने ती लिहिते. शाळेत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणताना हाच क्रम उलटा होतो, त्यामुळे सेमीच्या मुलांचा गोंधळ जास्त. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन दिलं ते याच अडचणीमुळे. त्यावरून मोठा वाद झाला, पण जुने शब्द पुस्तकातून काढले नव्हते. घरी तुम्हीही दोन्ही म्हणा.

५२ आणि ५१२ या दोन्हींवर उपाय एकच आहे, गठ्ठे. खराट्याचे हीर घ्या, बोटभर लांबीचे १०० तुकडे करा आणि ९-१० रबरबँड ठेवा. कागदाला मधोमध घडी घालून डावीकडे 'दशक', उजवीकडे 'सुटे' लिहा. दहा हीर मोजून गठ्ठा बांधायचं काम तिचंच. तुम्ही आयते गठ्ठे दिलेत तर तिच्या लेखी गठ्ठा म्हणजे 'एक वस्तू' होते, आणि ३ गठ्ठे ४ सुटे दिसले की ती 'सात' म्हणते. तसं झालं तर सांगत बसू नका. एक रबरबँड सोडा आणि तिला मोजू द्या.

'पंचवीस' म्हटल्यावर तिने आधी पाच सुटे उचलले तर उचलू द्या, फक्त ते उजव्या रकान्यात गेले पाहिजेत. मग दोन गठ्ठे डावीकडे. लिहायचं ते कागदावर जसं दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे. रोज पाचच संख्या घ्या, त्यांत १७-७१, ४६-६४ अशा फसव्या जोड्या हव्यात.

आता ३४ + २८. दोन्ही ढीग मांडले की सुटे १२ होतात. नियम एकच: सुट्यांच्या रकान्यात दहा झाले की बांधायचे आणि डावीकडे सरकवायचे. तो सरकलेला गठ्ठा म्हणजेच हातचा. तो सरकवतानाच वहीत दशकाच्या घराच्या डोक्यावर १ लिहायचा. हात आधी आणि वही दुसऱ्या दिवशी, असं केलं की दोन्हींचा संबंध तुटतो आणि ५१२ परत येतं.

वजाबाकीत हेच उलटं. ५२ − २७ मध्ये सुटे दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. गठ्ठा न सोडता ७ मधून २ वजा करून ३५ असं उत्तर काढणं ही वर्गात सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

चौकट
खडूपाटी, थोडं वेगळं मत. 'पंचवीस' आणि 'वीस पाच' पहिल्याच दिवशी दोन्ही नकोत. पहिला आठवडा फक्त 'वीस पाच' म्हणत गठ्ठे मांडू द्या, मग जुना शब्द आणा. एका संख्येला तीन नावं (तिसरं इंग्रजी) एकदम आली तर ती अंदाजाने बोलायला लागते.

आणि एकोणचा वेगळा सराव करा. 'एकोणतीस' मध्ये नऊ कुठेच ऐकू येत नाही, ऐकू येतो तो तीस. म्हणून मुलं ३९ लिहितात. एकोण म्हणजे एक ऊण, एक कमी. १०० मण्यांची माळ ओवा, १० लाल १० पांढरे असे आलटून पालटून. 'एकोणतीस' म्हटलं की तिसाव्या मण्यानंतर कपड्यांचा चिमटा लावायचा आणि एक मणी मागे घ्यायचा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. ९९ ला मात्र 'एकोणशंभर' न म्हणता नव्व्याण्णव म्हणतात, तेवढं वेगळं सांगा.

हिशेबवही
परत किती घ्यायचे, यासाठी २० − १३ मांडायला लावू नका. जुने दुकानदार वजाबाकी करत नाहीत, ते वर मोजत जातात. '१३ झाले' म्हणून हातावर एक नाणं, 'चौदा', आणखी एक, 'पंधरा', मग पाचाचं नाणं, 'वीस'. हातावर पडलेलं ते परतीचं, ७ रुपये.

घरी दुकान मांडायला खरी नाणी घ्या: एकाची ८, दोनची ५, पाचाची ४, दहाची २. पाच डबे आणि त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या. किमती ७, १३, १६, १८ अशा ठेवा. १० किंवा १५ ठेवल्या तर सरावच होत नाही. आधी फक्त २० ची नोट, ती बिनचूक जमल्यावर ५०, मग १००. शंभरात आधी जवळच्या दशकापर्यंत आणि मग दहादहाने: ६७ वरून ७० (३), मग ८०, ९०, १०० (३०), एकूण ३३. इथे हमखास ४३ येतं, कारण ६७ आणि १०० मधले दशक ती ६० पासून मोजते. तेव्हा '७० ला पोचलोच आहोत' असं म्हणून बोट ७० वर ठेवा. ती दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. उलटं केलं तर ती परत आलेले पैसे न मोजताच घेते.

मंडईत स्कॅन करून पैसे दिले तर मुलाला त्यातलं काहीच दिसत नाही. दोन-तीन वस्तूंपुरती रोख न्या. प्रश्न मात्र गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारू नका. भाजीवाल्याची घाई आणि मागच्या माणसाचा धक्का यांत ती 'माहीत नाही' म्हणून मोकळी होते. वस्तू घेण्याआधी, दोन पावलं मागे थांबून विचारा: 'कोथिंबीर पंधराची, मेथी वीसची. पन्नासात दोन्ही येतील का? उरतील किती?' खरेदी झाल्यावर मोजून पडताळा.

भाव पावशेरचा सांगतात ते सोनंच आहे. पाव किलो २० रुपये तर अर्धा किलो किती, पाऊण किलो किती. पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव, हे २५० ग्रॅमच्या तीन पुड्या शेजारी ठेवून दाखवा. आपल्याकडे पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकाचे वेगळे शब्द आहेत. घरात ते सतत बोला, चौथीत अपूर्णांक परके वाटणार नाहीत.

मापटं
स्वयंपाकघरात तीनच गोष्टी घ्या, पण रोज.

एक, अंदाज आधी आणि माप नंतर. 'या डब्यात किती वाट्या तांदूळ असेल?' तिचा आकडा पाटीवर लिहा आणि मगच मोजा. पहिल्या दिवशी तो दुपटीने चुकेल, चुकू द्या. पण वाटी एकच हवी आणि सपाट हवी, वरून उलथण्याची कड फिरवलेली. एक वाटी शिगेची आणि एक सपाट असं मिसळलं तर त्याच डब्याचं उत्तर रोज वेगळं येतं आणि मोजण्यावरचा तिचा विश्वास जातो. काटा असेल तर एक सपाट वाटी तूरडाळ आणि एक सपाट वाटी पोहे तोलून बघा. वाटी तीच, वजन वेगळं, हे हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

दोन, डोशाचं पीठ. ३ वाट्या तांदळाला १ वाटी उडीद. 'आज उडीद २ वाट्या घेतला तर तांदूळ किती?' उत्तर हमखास ४ येतं: इकडे एक वाढला म्हणून तिकडेही एक. ही चूक सातवी-आठवीपर्यंत टिकते, म्हणून इथेच पकडा. 'गुणायचं असतं' असं सांगू नका. ओट्यावर ३ वाट्या तांदूळ आणि १ उडीद असा एक संच मांडा, त्याच्या शेजारी दुसरा तसाच संच. मग तांदळाच्या वाट्या तिलाच मोजू द्या.

तीन, घडीची पोळी. लाटलेल्या गोलाला तेल लावून एक घडी घातली की अर्धी, दुसरी घातली की पाव. तो त्रिकोणी तुकडा लाटायच्या आधी तिच्या हातात द्या आणि टोकाला पदर मोजायला सांगा. चार निघतात. म्हणजे पाव हा चारातला एक, हे बोटांना कळतं. '४ मोठा म्हणून पाव अर्ध्यापेक्षा मोठा' हा गैरसमज यानेच जातो. घडी वाकडी पडली तर तशीच उघडून दाखवा आणि विचारा, याला अर्धी म्हणायचं का? भाग सारखे असल्याशिवाय अर्धा नाही, ही गोष्ट वाकड्या घडीतच नीट दिसते.

ओसरी
घडीची पोळी डोक्यातच आली नव्हती. पाढे पाठ आहेत पण ७ × ६ मध्येच विचारलं तर पहिल्यापासून म्हणत जाते. त्यासाठी काही?

मापटं
वड्या. गोल ताटात थापू नका, कडेचे तुकडे अर्धवट निघतात आणि मोजणी बिघडते. चौकोनी ट्रे किंवा चौकोनी डब्याचं झाकण घ्या. तिलाच सांगा, '४ ओळी, प्रत्येकीत ६'. बहुतेक मुलं ४ ओळींसाठी ४ रेघा मारतात आणि ५ ओळी करून बसतात. रेघा तीन लागतात हे कापतानाच कळतं, म्हणून आधी सुरीच्या पाठीने खुणा करायला लावा. ट्रे आडवा फिरवला की ६ × ४, वड्या त्याच २४. ७ × ६ साठी ७ ओळींच्या ट्रेमध्ये पाचव्या ओळीनंतर सुरी आडवी ठेवा: पाच सक तीस, दोन सक बारा, बेचाळीस. पाचाचा आणि दोनाचा पाढा पक्का असेल तर सातचा कुठूनही काढता येतो.

सोंगटी
खेळही घ्या. सापशिडीत २७ वर उभी असताना ४ पडले तर बरीच मुलं उभ्या घरालाच 'एक' म्हणतात आणि ३० वर जातात. 'एक, दोन, तीन, चार' म्हणू देऊ नका, घरांचे आकडेच म्हणायचे: २८, २९, ३०, ३१. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना १ ते १० आकड्यांची सरळ पट्टी खेळायला दिली. त्यांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेली पट्टी खेळलेल्यांची वाढली नाही. तुमच्या मुलीसाठी १०० पर्यंतचा पट हातानेच आखा आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. बाजारातल्या पटावर ओळी नागमोडी जातात, त्यामुळे २३ च्या बरोबर वर ३३ येत नाही आणि दहाची उडी दिसत नाही.

चार घासलेले चिंचोके असतील तर चल्लसही खेळा. सगळे पांढरे उताणे पडले तर ४, सगळे पालथे तर ८. पन्नास वेळा टाकून काय किती वेळा पडलं त्याच्या रेघा मारा, पाचाच्या जुड्या करून. आठ इतका कमी का पडतो, हा प्रश्न तीच विचारते.

ओसरी
शेवटचं एक. पावणेचार म्हटलं की घड्याळात ४:४५ दाखवते.

चौकट
पावणे म्हणजे पाव उणे, एकोणमधलं तेच ऊण. चारला पाव तास कमी. पुठ्ठ्याचं घड्याळ वापरू नका. त्यात तास काटा सुटा फिरतो आणि मुलं तो बरोबर ३ वर ठेवून मिनिट काटा ९ वर नेतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ उतरवा आणि मागची चावी तिला फिरवू द्या. आधी बरोबर चार करायला सांगा, मग मिनिट काटा पाव फेरी मागे. तास काटा चारच्या किंचित अलीकडे सरकतो, तो बघायला सांगा. साडेतीन, साडेचार जमल्यावरच दीड आणि अडीच घ्या, कारण साडेएक, साडेदोन असं कोणी म्हणत नाही. बेरजेत १:५० ला २५ मिनिटं मिळवून १:७५ आलं तर परत चावी फिरवा: आधी १० मिनिटं, दोन वाजले, उरली १५.