मदत हवी आहे: पावसात सायकलचे ब्रेक लागत नाहीत, सोमवारच्या आत उपाय सांगा (कोल्हापूर)

सकाळपाळी (शनिवार, रात्री ९.४०)
गेले आठ दिवस ब्रेक लागेनात. काल सायबर चौकाजवळ पुढं रिक्षा अचानक थांबली. दोन्ही ब्रेक मुठीत आवळले तरी सायकल सरकतच गेली, शेवटी बूट घासत थांबवली. नट आवळला, केबल ताणली, काही फरक नाही. दुकानात दिली तर तीन-चार दिवस ठेवून घेतात आणि मला सोमवारी सकाळी सहाला निघायचंय. घरी करण्यासारखं काय असेल ते सांगा.

चाक_आणि_मी (९.५२)
सायकल कोणती? रिमला रबर घासणारा ब्रेक आहे की डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्याशी गोल पत्रा असलेला? रोज किती किलोमीटर आणि कुठून कुठं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार भावा.

जुनी_पेठ (१०.०५)
रिम लोखंडी असणार. आमच्या २८ इंची काळ्या सायकलींना हेच व्हायचं. क्रोमच्या रिमवर पाण्याचा थर बसला की रबर नुसतं सरकतं. त्याला एकच उपाय, चौक दिसला की लांबूनच ब्रेक हलका धरून ठेवायचा. चाक दोन-चार फेरे फिरलं की पाणी पुसलं जातं, मग जोर लावायचा. पस्तीस वर्षं मंगळवार पेठेतून उद्यमनगरला असाच गेलो. तरण्या पावसात आणि म्हाताऱ्या पावसातसुद्धा एक खाडा नाही.

कळंबा_रोड (१०.१४)
काका, आधीपासून ब्रेक धरायची सवय चांगलीच आहे, पण समोर एखादं मूल धावत आलं तर लांबून धरायला वेळ कुठं मिळतो? मी शाळेत शिकवते, रोज सायकलनंच जाते. दोन वर्षांपूर्वी लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. ओल्या रस्त्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडला. दादा, लोखंडी रिम असेल तर रबरं बदलण्यात पैसे घालवू नका, रिमच बदला.

जुनी_पेठ (१०.२१)
ॲल्युमिनियमची रिम आपल्या खड्ड्यांत टिकत नाही, बाई. कड दबली की सरळ होत नाही. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते.

कळंबा_रोड (१०.२५)
टायरमध्ये हवा पुरेशी ठेवली तर कड दबत नाही. माझी दोन पावसाळे टिकली आहे.

उचगावकर (१०.३०)
ब्रेकचं नंतर बघा, आधी रेनकोटकडं लक्ष द्या. अंगावर पोंचो घेऊन हायवेच्या बाजूनं जाऊ नका. ट्रक शेजारून गेला की त्यात वारा शिरतो आणि सायकल ओढली जाते. जॅकेट-पँट वेगवेगळी घ्या, पिवळी किंवा केशरी. पँटचा पाय चेनच्या बाजूला रबरबँडनं बांधा.

शाहूनाका (१०.३७)
पावसाचे दोन महिने केएमटीनं जा की. जीव आहे तर सायकल आहे.

सकाळपाळी (१०.४४)
पहिल्या पाळीच्या वेळेला जुळणारी बस मला मिळत नाही, म्हणून तर सायकल घेतली. रेनकोट आहे. आणि रिमचा काही संबंध नाही, डिस्क ब्रेक आहेत, पुढं-मागं दोन्ही. केबलवाले. पाडव्याला सायकल घेतली. शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, एका बाजूला दहा-अकरा किलोमीटर. वळवाच्या पावसात हेच ब्रेक झकास लागत होते.

चाक_आणि_मी (१०.५१)
हे आधी सांगायला हवं होतं, सगळी चर्चा रिमवर गेली. डिस्क पाण्यानं इतकी बाद होत नाही. पहिल्या दाबाला थोडी सरकते, मग पकडते. वळवात पकडत होती आणि आता कोरडी करूनही पकडत नसेल तर पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे तुकडे, तरी संपलेत, नाहीतर त्यांना काहीतरी लागलंय. आता नीट उत्तर दे: ब्रेक दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येतो का? चेनला काय लावतोस? कधी, आणि कसं?

सकाळपाळी (१०.५८)
आवाज येतो, कान किटतात. पॅड अजून जाड दिसतायत. चेन गंजायला लागली म्हणून रोज रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारतो. चेन, गिअर, चाकाचा मधला भाग, सगळीकडं. कंपनीत मशिनच्या स्लाइडलाही तोच मारतो, एवढ्या पाण्यात तिथं गंज धरत नाही.

चाक_आणि_मी (११.०६)
सापडलं. तो स्प्रे उडून डिस्कच्या पत्र्यावर बसलाय आणि तिथून पॅडमध्ये मुरलाय. मशिनची स्लाइड सरकायला पाहिजे, डिस्क धरायला पाहिजे. तू रोज रात्री ब्रेकलाच तेल पाजत होतास. सोमवारी या ब्रेकवर बाहेर पडू नकोस, खरंच सांगतो.

उद्या चाकं काढ. डिस्कचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, मेडिकलमध्ये नाहीतर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं मिळेल. स्वच्छ पांढरं फडकं घे आणि फडक्यावर काळं उतरायचं थांबेपर्यंत पुसत राहा. नंतर पत्र्याला बोट लावायचं नाही, हाताचं तेलही चालत नाही. पॅड मात्र नवेच घाल. जुने सोबत नेऊन आकार जुळवून घे, डिस्कच्या पॅडचे आकार खूप वेगवेगळे असतात.

गंगावेश_गल्ली (११.१३)
नवे पॅड कशाला? जुने गॅसवर तापवायचे, तेल जळून जातं. वर पॉलिश पेपर मारायचा. मी केलंय, लई भारी चालतंय.

चाक_आणि_मी (११.१७)
किती दिवस चाललं? पॅड रेझिनचा असला तर आचेनं त्याला बांधून ठेवणारा मसालाच करपतो आणि तो त्याच्या पाठीमागच्या पत्र्यापासून सुटतो. शिवाय तो धूर स्वयंपाकघरात कशाला?

गंगावेश_गल्ली (११.२०)
महिनाभर चाललं. मग परत आवाज सुरू झाला, ते खरं आहे.

जुनी_पेठ (११.२६)
चेनचं म्हणाल तर स्प्रेनं चेन धुतली जाते, तिला वंगण होत नाही. पावसाळ्यात घट्ट तेल लागतं, प्रत्येक कडीला एक-एक थेंब, आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून काढायचं. तेल कडीच्या आत पाहिजे, वर असलं की चिखल धरतं. उन्हाळ्यात तेच तेल धूळ ओढतं, तेव्हा पातळ चालतं. आणि कार्तिकापासून उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कांडी नि पाचट रस्त्यावर पडतं, पहाटे दव पडून सगळं निसरडं होतं. पाऊस संपला म्हणून गाफील राहू नका.

सकाळपाळी (रविवार, सायंकाळी ७.१५)
पुढचे-मागचे पॅड नवे घातले, तिसऱ्या दुकानात मिळाले. पत्रा पुसताना फडकं चार वेळा बदललं, एवढं काळं निघालं. पण फिरवून बघितली तर ब्रेक अजून अर्धाच लागतोय. काय चुकलं?

चाक_आणि_मी (७.२२)
काही चुकलं नाही, नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घे आणि चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबत आण, पूर्ण थांबू नकोस. असं वीसेक वेळा पुढच्याला, मग मागच्याला. आजच कर, उद्या ट्रकांच्या मधे नको.

सकाळपाळी (८.४०)
रंकाळ्याकडं जाऊन केलं. पंधराव्या फेरीनंतर पकड यायला लागली. आता ओल्या रस्त्यावरही चाक जागच्या जागी थांबतंय. लई आभार. शांततेत एक गोष्ट कानावर आली: मागचं चाक फिरताना आतून कर्रकर्र येतं. आधी ब्रेकच्या आवाजात कळलं नसावं.

कळंबा_रोड (८.४७)
दादा, तुम्ही शाहूपुरीत राहता ना? सायकल पाण्यातून नेली होती का?

सकाळपाळी (८.५१)
मागच्या मंगळवारी जयंती नाल्याचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. गुडघाभर होतं, हातानं ढकलत आणली.

जुनी_पेठ (८.५८)
म्हणजे हब, चाकाचा मधला भाग, बुडालं. आतलं ग्रीस पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं झालं असेल, छर्रे गंजायला लागलेत. २०१९ च्या महापुरात आमच्या घरच्या दोन सायकली बुडाल्या होत्या. एक लगेच उघडली ती अजून चालते, दुसरी दिवाळीपर्यंत तशीच ठेवली तिचं हब टाकून द्यावं लागलं. उद्या जाऊन ये, पण संध्याकाळी चाक उघड. छर्रे रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धू, खड्डे पडलेले दिसले तर सगळा संच नवा घाल, मग ग्रीस भर. पण धुताना डिस्कवर झाकण टाक.

सकाळपाळी (९.०४)
डिस्क आधी काढून कागदात गुंडाळून ठेवतो, काका. ग्रीस कुठलं घेऊ?