मदत हवी आहे: ठेकेदार नोंदणीचा अर्ज एका ओळीत नामंजूर. अपील, रिट (उच्च न्यायालयातली याचिका) की नवा अर्ज?

पायाभरणी:
राज्य शासनाच्या एका बांधकाम खात्याकडे भागीदारी संस्थेच्या नावाने वरच्या वर्गातल्या ठेकेदार नोंदणीचा अर्ज केला होता. नामंजुरीच्या पत्रात एवढंच आहे: "सादर केलेली कागदपत्रे समाधानकारक नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे." त्रुटीपत्र नाही, सुनावणी नाही, अपील कुणाकडे करायचं तेही लिहिलेलं नाही. तोंडी चौकशीत दोन कारणं कळली. कामाचा एक दाखला उपठेकेदार म्हणून केलेल्या कामाचा आहे, आणि जुन्या कामात विलंबाचा दंड झाल्याचा शेरा टिपणीत आहे. दंडाबद्दल आम्हाला कुणी काही विचारलंच नाही. थेट उच्च न्यायालयात जावं का? मधल्या काळात नवा अर्ज केला तर केस कमजोर होते का?

मोजमापवही:
कोर्टाच्या आधी नस्ती, म्हणजे खात्यातली तुमच्या अर्जाची फाइल, हातात घ्या. तोंडी कळलेल्या कारणांवर याचिका उभी राहत नाही.

माहिती अधिकारात अर्ज टाका, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. "अर्ज का नामंजूर केला?" असं विचारू नका, कायद्यात अभिलेख मिळतो, खुलासा नाही, आणि अशा प्रश्नाला एका ओळीत वाटेला लावतात. नावानिशी कागद मागा: टिपणीसह संपूर्ण नस्ती, छाननी तक्ता, नोंदणी समितीचं इतिवृत्त, दंडाबाबतचा पत्रव्यवहार आणि सही करणाऱ्याला तो अधिकार देणारा आदेश. शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. निर्णय समितीने घ्यायचा असेल आणि इतिवृत्तच नसेल, तर तो एकच मुद्दा पुरेसा जड आहे.

प्रती मागण्याआधी नस्तीची पाहणी करा. पानांना क्रमांक आहेत का ते बघा. त्रुटीपत्राचा मसुदा नस्तीत असेल तर त्याचा जावक क्रमांक जावक नोंदवहीशी ताडून पाहा. मसुद्यावर सही असते आणि पत्र गेलेलंच नसतं, असं होतं. अर्ज ऑनलाइन असेल तर पोर्टलच्या लॉगिनमध्ये शेरा पडलेला असू शकतो. तिथल्या इतिहासाचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा. नामंजुरीच्या पत्राचा लिफाफाही फेकू नका, अपिलाची मुदत पत्र मिळाल्यापासून मोजायची असेल तर टपालाचा शिक्का लागतो.

कलम२२६:
कायद्याच्या बाजूने तुमचे दोन मुद्दे भक्कम आहेत.

पहिला, कारण नसलेला आदेश. क्रांती असोसिएट्स (२०१०) निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारणं नोंदवण्याचं बंधन सविस्तर मांडलंय. त्याला जोडून मोहिंदर सिंग गिल (१९७८) वापरा: आदेशात नसलेली कारणं नंतर शपथपत्रातून भरता येत नाहीत. सरकारी वकील उत्तरात उपठेक्याचा मुद्दा आणतीलच, तेव्हा हाच निकाल पुढे करायचा.

दुसरा, पाठीमागे वापरलेला दंडाचा शेरा. इरुशियन इक्विपमेंट (१९७५) हा काळ्या यादीवरचा निकाल आहे, तुमचं प्रकरण तसं नाही. पण प्रतिकूल माहितीवर म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, हे तत्त्व तिथून घेता येतं.

मात्र अपेक्षा नीट ठेवा. टाटा सेल्युलर (१९९४) पासून भूमिका पक्की आहे: न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासतं, पात्रता स्वतः ठरवत नाही. "नोंदणी द्या" असा आदेश सहसा मिळत नाही. आदेश रद्द, सुनावणी देऊन ठरावीक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्या, इथपर्यंत मजल जाते. विनंतीही तशीच लिहा.

आणि आधी अपील. नोंदणी नियमांत अपिलीय प्राधिकारी असेल तर "पर्यायी उपाय आहे" म्हणून याचिका परत पाठवली जाऊ शकते. व्हर्लपूल (१९९८) मधले अपवाद आहेत, नैसर्गिक न्यायाचा भंग, म्हणजे बाजू न ऐकता घेतलेला निर्णय, त्यातलाच एक. पण अपवादावर भिस्त ठेवून तीच पहिली पायरी करू नका. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे का तेही पाहा. असेल तर पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, म्हणून माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. अपील दाखल करा आणि "कागद मिळाल्यावर वाढीव मुद्दे मांडू" असं त्यातच लिहा. रिटला ठरावीक मुदत नाही, पण विनाकारण उशीर झाला तर तेवढ्यावरच फेटाळली जाते.

पायाभरणी:
आभारी आहे. उपठेक्याच्या दाखल्याचं काय करू? आणि नव्या अर्जाचं?

मोजमापवही:
मूळ ठेकेदाराचं पत्र एकटं चालत नाही. मूळ मालक खात्याची उपठेक्याला लेखी मंजुरी होती का, हा खरा प्रश्न. असेल तर मंजुरीचं पत्र, बिलं, बँकेतली जमा आणि त्या वर्षाच्या २६एएस (प्राप्तिकर खात्याचं करकपातीचं विवरण) मधली कलम १९४सी खालची, म्हणजे ठेक्याच्या रकमेवरची कपात, असा संच लावा. मंजुरी नसेल तर तो दाखला बाजूला ठेवून उरलेल्या कामांवर वर्गाची आर्थिक मर्यादा गाठता येते का ते मोजा. भागीदारी असल्यामुळे आणखी एक तपासा: सगळे दाखले संस्थेच्याच नावावर आहेत ना? एखाद्या भागीदाराच्या जुन्या एकल मालकीच्या फर्मचा दाखला आपोआप संस्थेचा ठरत नाही. नियम तसं मान्य करत असतील तरच लावा. उलाढालीच्या सनदी लेखापाल दाखल्यावर १८ अंकी यूडीआयएन (दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवाच.

नवा अर्ज जरूर करा, पण सोबतच्या पत्रात "आधीच्या नामंजुरीला आव्हान देण्याचा हक्क अबाधित ठेवून" हे वाक्य घाला. "यापूर्वी अर्ज नामंजूर झाला आहे का?" असा रकाना असेल तर "होय" लिहून पत्राची प्रत जोडा. तिथे "नाही" लिहिलंत तर त्रुटीचं प्रकरण खोट्या माहितीचं होऊन बसतं आणि काळ्या यादीची नोटीस येऊ शकते.

कलम२२६:
अपिलाच्या सुनावणीला तोंडी बोलून परत येऊ नका. दंडाची रक्कम दाखवणारं शेवटचं बिल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडून लेखी म्हणणं त्याच दिवशी आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. पुढे रिटची वेळ आली तर "हा मुद्दा अपिलात घेतलाच नव्हता" या आक्षेपाला तीच प्रत उत्तर देते.