मदत हवी आहे: माशांना अँटिबायोटिक देतोय, पण लागूच पडत नाहीये

डभोईरोड
बडोद्याजवळ, डभोईच्या बाजूला आमचं तळं आहे. माशांच्या अंगावर लाल चट्टे आलेत, रोज थोडे मरून तरंगतात. दुकानदाराने ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं, खाद्यात कालवून घालतोय, फरक शून्य. औषध माशाच्या अंगात जातं तरी का? डोस दुप्पट करू की सरळ पाण्यात टाकू? महिनाअखेरीस व्यापारी माल उचलायला येणार आहे. लवकर सांगा. 'तज्ज्ञांना भेटा' हे ऐकून झालंय.

खारा वारा
कोणते मासे? केवढे? पाणी बोअरचं की कालव्याचं, किती गार? डोस माशांच्या वजनावर काढला की पोत्याच्या अंदाजाने? खाद्य खातायत का?

अण्णा सुरसागर
मीठ आणि चुना. बाकी काही लागत नाही. आमच्या मामांनी आयुष्यभर हेच केलं.

डभोईरोड
मासे साधेच, रोहू-कटला. पाणी बोअरचं. थंडीत असतं तेवढं गार. चुना टाकून झालाय. मी औषधाबद्दल विचारतोय.

खारा वारा
बोअरचं, म्हणजे बहुतेक जड पाणी. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतात आणि मग आतड्यातून रक्तात नीट शिरत नाहीत. खाद्यात मिनरल मिक्श्चर घालत असाल तर आणखीच. मुळात ऑक्सिटेट्रासायक्लिन तोंडावाटे माशाला फार कमी मिळतं, बऱ्याच जातींत दहा टक्क्यांच्याही आत. उरलेलं विष्ठेतून तळाच्या गाळात.

पाण्यात तर टाकूच नका. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, पाणी आपणहून त्याच्या अंगात शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत बसतो. समुद्रातला मासा पितो, त्याचं गणित वेगळं. तुमच्या तळ्यात औषध ओतलंत तर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे जीवाणू आधी मरू शकतात.

मांडवीकर
फ्लोरफेनिकॉल द्या हो! माझ्या मेव्हण्याचे पंगास मासे त्या अँटिबायोटिकनेच वाचले. नाहीतर पोल्ट्रीवाल्याकडून एन्रोफ्लॉक्सासिन आणा, स्वस्त पडतं.

खारा वारा
फ्लोरफेनिकॉल छान शोषलं जातं, खरं आहे. सॅमनमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या वर. पण पोटात गेलं तर ना! आजारी मासा आधी खाणं सोडतो. औषधाचं खाद्य खातात ते धडधाकट मासे, आणि ज्याच्यासाठी ते घातलं तो कडेला तोंड वर करून पडलेला. डोस दुप्पट केला तर धडधाकटांना दुप्पट जाईल, एवढंच. एन्रोफ्लॉक्सासिनचं नाव इथे कृपया नको. ते फ्लुरोक्विनोलोन गटातलं, आणि किनारपट्टीच्या मत्स्यपालनात त्या गटावर बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानवर तर आहेच.

मांडवीकर
डभोईला कुठला किनारा? हलकं घ्या.

जाळीवाला
अवांतर: बडोद्यात ताजी सुरमई कुठे मिळते? शेजारी शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांना वास येणार नाही असं पॅकिंग हवंय.

निवृत्त मास्तर (मत्स्यविज्ञान)
औषध अंगात कुठे जातं हा प्रश्न कुणी नीट घेतलाच नाही, म्हणून लिहितो. रक्तात पोचलेलं औषध आधी यकृत आणि मूत्रपिंडात भरतं, मग मांसात. ऑक्सिटेट्रासायक्लिन त्याशिवाय हाडांत आणि खवल्यांत अडकून बसतं, कारण पुन्हा तेच कॅल्शियम. मांस निवळलं तरी तिथे ते राहतं. आपण रोहू त्वचेसकट खातो, त्यामुळे त्वचाही धरायला हवी; युरोपात तपासणी मांस आणि त्वचा मिळून करतात. आपल्याकडे माशात उरलेल्या या औषधाची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार असेल तर औषध शिरतंही सावकाश, निघतंही सावकाश. औषध दिल्यावर मासा विकायला काही दिवस थांबावं लागतं. ज्या औषधाची माशासाठी ही मुदतच ठरलेली नाही, त्याला युरोपात जास्तीत जास्त ५०० अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) धरतात: पाणी २५ अंश असेल तर २० दिवस, २० अंश असेल तर २५ दिवस. अमेरिकेत ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या लेबलवर २१ दिवस आहेत. मोजायचं शेवटच्या डोसपासून. व्यापाऱ्याची तारीख पाहा आणि तुम्हीच ठरवा.

आता चट्टे. मासा बादलीत धरून लख्ख उजेडात बघा. मसुरीच्या डाळीएवढी चपटी, सरकणारी वस्तू दिसली तर ती माशाची ऊ, अर्ग्युलस. तिला अँटिबायोटिक लागत नाही. जखम खोल गेली असेल आणि थंडीत सुरू झाली असेल तर ईयूएसची (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, माशांना खोल जखमा करणारा साथीचा रोग) शंका घ्या. ती अ‍ॅफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवामुळे होते, त्यालाही हे औषध लागत नाही. त्यासाठी भुवनेश्वरच्या सिफा या मत्स्यसंशोधन संस्थेने सिफॅक्स हे औषध काढलंय. एरोमोनास जीवाणू बऱ्याचदा अशा जखमेत मागाहून घुसतो.

अण्णा सुरसागर
मास्तर, मग मीठ-चुन्यात काय वाईट?

निवृत्त मास्तर (मत्स्यविज्ञान)
वाईट काहीच नाही. ईयूएसमध्ये चुन्याचा उपयोगही होतो. पण आधी रोग कुठला ते बघू या ना.

सयाजीगंज
चुना टाकताना पीएच मोजा, नाहीतर अमोनिया जास्त विषारी होतो. आणि पावसाळ्यात तळ्याला कुंपण घाला. विश्वामित्रीतल्या मगरी कुठवर फिरतात ते सगळ्यांना माहीत आहे.

डभोईरोड
मगरी नाहीत!! उजेडात पाहिलं. काहींवर उवा आहेत, काहींना खोल जखमा, दोन्ही. औषधी खाद्य आजपासून बंद केलंय. तपासणीला मासे बर्फात न्यायचे का?

खारा वारा
आजारी पण जिवंत न्या, तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. मेलेले तरंगणारे नकोत, त्यांच्यात कुठलेही जीवाणू सापडतात. पाण्याची एक बाटली वेगळी घ्या. आधी कुठलं औषध दिलं ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर कल्चर (जीवाणू वाढवून बघायची चाचणी) कोरं येऊ शकतं.

डभोईरोड
ठीक. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, 'औषधाचं कोण बघतंय, माल द्या.' मी अजून हो म्हटलेलं नाही.

मीनल_ब
माझ्या घरच्या टाकीतल्या गोल्डफिशलाही लाल डाग आलेत. हेच औषध अर्धी गोळी टाकू का?

खारा वारा
नको. आणि वेगळा धागा काढा.