समीक्षकांनी नाकारले, चाहत्यांनी जपले: इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राची उपेक्षा योग्य होती का?

मध्यलय (चर्चाप्रस्ताव)

ऑक्टोबर १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये दोन आल्बम प्रसिद्ध झाले. एक होता सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा (पंक म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, बंडखोर रॉक) पहिला आल्बम आणि दुसरा बर्मिंगहॅमच्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचा, म्हणजे ईएलओचा, 'आउट ऑफ द ब्लू' हा दोन तबकड्यांचा संच. पहिल्याला समीक्षकांनी काळाचा हुंकार मानले. दुसरा लाखोंनी खपला, परंतु तो आपल्याला मनापासून आवडतो असे सांगणे पुढची कित्येक वर्षे रॉकच्या जाणकारांमध्ये कमीपणाचे समजले गेले. माझे म्हणणे असे की ईएलओची उपेक्षा गुणवत्तेच्या अभावामुळे झालीच नाही. ओबडधोबडपणा हाच प्रामाणिकपणा, असा समज ज्या काळात रूढ झाला, त्या काळात या मंडळींची घोटीव कारागिरी हाच त्यांचा दोष ठरवला गेला.

त्या संचाची तिसरी बाजू घ्या. ईएलओचे गायक-रचनाकार जेफ लिन गाणी रचण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या डोंगरातल्या एका घरात जाऊन राहिले होते. पाऊस आणि धुके यांमुळे बरेच दिवस काही सुचेना, मग आकाश स्वच्छ झाले आणि संपूर्ण संच साडेतीन आठवड्यांत रचून झाला. त्या पावसाळी दिवसांवरची चार गाणी या बाजूवर सलग येतात आणि त्यांतले शेवटचे 'मिस्टर ब्लू स्काय'. पियानोचे ठोसे, बेव्ह बेव्हन यांचा कोरडा, जवळून ऐकू येणारा ड्रम, चेलोंची घासून निघालेली खालची रेघ, थरावर थर चढवलेला समूहस्वर, व्होकोडरमधून येणारा यांत्रिक आवाज, आणि गाणे संपले असे वाटत असतानाच उघडणारा वाद्यवृंदाचा संपूर्ण वेगळा उत्तरभाग: एवढे सगळे पाच मिनिटांत मावते आणि कुठेही गर्दी होत नाही. लिन, कळफलकवादक रिचर्ड टँडी आणि संयोजक लुई क्लार्क या तिघांनी तंतुवाद्यांचे संयोजन मिळून केले होते. ते गाण्यावर मागाहून पसरलेले वाटत नाही, चालीच्या आतूनच उगवते. ही बुद्धी दुय्यम कशी म्हणायची?

आडताल

कारागिरी मलाही मान्य आहे, मात्र कारागिरी आणि मौलिकता यांत अंतर असते. 'आय अ‍ॅम द वॉलरस'मध्ये बीटल्सनी तंतुवाद्यांचा जो प्रयोग केला, तिथून पुढे जायचे हे बँडचे सहसंस्थापक रॉय वुड आणि लिन यांचे घोषित उद्दिष्ट होते, आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर खुद्द जॉन लेनन यांनी या मंडळींना बीटल्सचे वारसदार म्हटले होते. चाहते हे प्रशस्तिपत्रासारखे मिरवतात. मला त्यात मर्यादा दिसते. बीटल्स दर दोन वर्षांनी स्वतःचीच शैली मोडत गेले, तर ईएलओने त्यांचा एक कोपरा घेतला आणि तो आयुष्यभर चकचकीत ठेवला.

शिवाय दोष सगळा पंकच्या माथी मारता येत नाही. १९७८ च्या दौऱ्यातले भव्य अंतराळयान, त्याच दौऱ्यात ध्वनिमुद्रित फिती वाजवल्याचा झालेला आरोप, १९७९ मध्ये डिस्कोकडे वळणे, आणि त्या वर्षानंतर ज्या चेलो-व्हायोलिनवादकांमुळे नावात 'ऑर्केस्ट्रा' होते त्यांनाच निरोप देणे, हे निर्णय कोणा समीक्षकाने घेतले नव्हते. ईएलओची गाणी असलेल्या १९८० च्या 'झनाडू' चित्रपटाची टीकाकारांनी धूळधाण उडवली आणि बँडची उरलीसुरली प्रतिष्ठा त्यात गेली. इंग्लंडमध्ये त्यांना पहिल्या क्रमांकावर नेणारे एकमेव गाणे याच चित्रपटाचे असावे, हे पुरेसे बोलके आहे.

आणि चाहत्यांच्या अखंड प्रेमाबद्दल बोलायचे तर २००१ आठवावे. 'झूम' हा नवा आल्बम आला, अमेरिकेचा दौरा जाहीर झाला आणि तिकिटे खपत नाहीत म्हणून तो रद्द करावा लागला. तेव्हा हे प्रेम कुठे होते?

खर्ज

माझे वास्तव्य बरीच वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात, बर्मिंगहॅमपासून जवळच आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते. लिन यांनी १९८६ मध्ये बँड थांबवला. त्यानंतर बेव्हन यांनी 'ईएलओ पार्ट टू' उभा केला. केली ग्राउकट, मिक कामिन्स्की, ह्यू मॅकडॉवेल आणि लुई क्लार्क हे ईएलओचेच जुने सहकारी त्यात आले, आणि नव्वदच्या दशकात ही मंडळी नावाजलेला गायक-रचनाकार सोबत नसताना देशोदेशी वाजवत राहिली. ज्यांना केवळ लोकप्रिय गाण्यांचा गोडवा हवा होता ते घरी तबकडी लावून बसले असते. सभागृहात येणारे लोक कामिन्स्की यांचे निळे व्हायोलिन ऐकायला आणि ग्राउकट यांच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाला दाद द्यायला येत होते. २००१ मधला फसलेला दौरा ही पंधरा वर्षे मंचावर न आलेल्या नावाची विक्री होती. तेवढ्यावरून चाहत्यांची निष्ठा मोजता येणार नाही.

पुढचे तर सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये लिन यांना ऐकायला पन्नास हजार माणसे जमली, २०१६ मध्ये ग्लास्टनबरीचा संगीतमहोत्सव झाला, २०१७ मध्ये वेम्बली स्टेडियम भरले. १९७७ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी माणसे त्या गर्दीत 'मिस्टर ब्लू स्काय'च्या उत्तरभागाचा समूहस्वर पाठ म्हणत होती, त्यामुळे याला नुसते स्मरणरंजन म्हणणे मला पटत नाही. जुलै २०२५ मध्ये हाइड पार्कचा निरोपाचा कार्यक्रम लिन यांच्या प्रकृतीमुळे रद्द झाला, तेव्हा इथल्या लोकांच्या बोलण्यात पैसे वाया गेल्याचा त्रागा मला कमी ऐकू आला आणि त्यांच्याविषयीची काळजी अधिक.

आडताल

तुम्ही ज्या वादकांविषयी इतक्या आपुलकीने लिहिता, त्यांच्याशी खुद्द लिन कसे वागले हेही सांगायला हवे होते. २०१२ मध्ये त्यांनी गाजलेली गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि जवळजवळ सगळी वाद्ये स्वतः वाजवली. जुन्या ध्वनिमुद्रणांवर समाधान नव्हते, हे त्यांचे कारण होते. याचा सरळ अर्थ असा की निर्मात्याच्या लेखी बाकीचे वादक बदलता येण्याजोगे होते. तसे असेल तर चाहते ज्याला 'बँड' म्हणून कवटाळतात, ती एका माणसाची ध्वनिमुद्रणशाळा होती.

अनुस्वार

आडताल यांच्या या मुद्द्यावर चाहत्यांनी दिलेला निकाल पाहावा. २०१२ ची ध्वनिमुद्रणे स्वच्छ आहेत, चूक काढायला जागा नाही, तरीही लोक १९७७ च्या मूळ 'मिस्टर ब्लू स्काय'कडेच परत जातात. २०१७ मध्ये एका गाजलेल्या हॉलिवूड चित्रपटाच्या आरंभी वाजले तेही मूळचेच. लिन यांना जे सुधारायचे होते, नेमके तेच श्रोत्यांना हवे होते. म्हणजे बेव्हन यांचा किंचित जड हात आणि टँडी यांची कळफलकावरची समज ही भर नव्हती, रचनेचा भाग होती. निर्मात्याचे स्वतःच्या कृतीविषयीचे मत प्रमाण मानण्याची सक्ती श्रोत्यावर नसते.

मला खरी खंत वेगळीच आहे. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या सन्मानयादीत लिन, वुड, बेव्हन आणि टँडी या चौघांनाच स्थान मिळाले. ग्राउकट २००९ मध्येच गेले होते. क्लार्क आणि मॅकडॉवेल तेव्हा हयात होते, कामिन्स्की वाजवत होते, आणि त्यांचा समावेश झाला नाही. उपेक्षेची चर्चा करायची तर समीक्षकांच्या आधी या यादीची करावी.

मध्यलय

खर्ज आणि अनुस्वार यांचे आभार. मला आता आडताल यांच्या मौलिकतेच्या आक्षेपाकडे वळायचे आहे.

१९८७ मध्ये बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांचा 'क्लाउड नाइन' आला, १९८८ मध्ये ट्रॅव्हलिंग विल्बरीज या गटाचा पहिला आल्बम, १९८९ मध्ये टॉम पेटी यांचा 'फुल मून फीव्हर', आणि १९९५ मध्ये लेनन यांच्या घरगुती फितीवरून बीटल्सचे 'फ्री अ‍ॅज अ बर्ड' पूर्ण झाले. या सगळ्यांच्या निर्मितीत लिन होते. ड्रमवर घुमारा न ठेवणे, अकूस्टिक गिटारी एकावर एक रचून त्यांचा एकच चमकदार पडदा करणे, समूहस्वर घट्ट बांधणे, या सगळ्या खुणा ईएलओच्याच. ईएलओच्या नावाखाली जे कृत्रिम म्हणून हिणवले गेले, तेच प्रतिष्ठित नावांच्या तबकड्यांवर आले तेव्हा सुबक आणि नेमके ठरले. कानांनी निर्णय दिला असता तर तो दोन्हीकडे सारखाच आला असता. आणि बीटल्सची नक्कल एवढीच ज्याची पात्रता होती, त्याला उरलेल्या बीटल्सनी स्वतःचे अपुरे गाणे हाती दिले असते का, याचेही उत्तर हवे.

आडताल

निर्माता म्हणून त्यांची थोरवी मी नाकारलेली नाही. माझा आक्षेप आशयाचा आहे. इतक्या चर्चेत गीतांच्या शब्दांवर कोणीही एक वाक्य लिहिलेले नाही, याकडे लक्ष वेधतो. सुरावट, संयोजन, ध्वनी हे सगळे आले, पण ती गाणी काय सांगतात, हे आले नाही. गीतांच्या शब्दांसाठी ओळखले जाणारे बॉब डिलन किंवा रे डेव्हिस यांच्या चाहत्यांची चर्चा अशी झाली नसती.

अनुस्वार

मग १९८१ चा 'टाइम' घ्यावा. त्या वर्षातला एक माणूस २०९५ मध्ये जाऊन पडतो, तिथल्या सोयींमध्ये रमत नाही, मागे राहिलेल्या प्रेयसीसाठी झुरतो, आणि परतीचा मार्ग त्याला सापडत नाही. 'टिकेट टू द मून'मध्ये तो निघून गेलेल्या ऐंशीच्या दशकाची आठवण काढतो, साध्या सरळ दिवसांची म्हणून. आणि हे गाणे लिहिले गेले तेव्हा ते दशक नुकते सुरू झाले होते. अजून न जगलेल्या वर्षांचा वियोग ज्याने इतक्या साध्या शब्दांत मांडला, त्याला सांगण्यासारखे काही नव्हते असे मी म्हणू शकत नाही. हा आल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, पण समीक्षकांनी तोवर या बँडकडे कान देणे सोडले होते. आडताल यांनी तो एकदा सलग, गीतांचे शब्द समोर ठेवून ऐकावा आणि मग याच ठिकाणी आपले मत मांडावे, अशी माझी विनंती आहे.