अमेरिकेत टिप आणि फॉरेक्स कार्ड: कशावर, किती, कुठे लिहायची?

घाटवाट: आई-बाबा पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला जातायत. फॉरेक्स कार्ड (आधीच डॉलर भरून ठेवलेलं) आहे, थोडे रोख डॉलरही. हॉटेलात जेवल्यावर टिप कशावर मोजायची? कार्डाने देता येते का?

चौथी_सीट: कर लागण्याआधीच्या रकमेवर, १८ ते २० टक्के. समजा जेवण ६० डॉलरचं. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर धरून बिल ६३.९८. वेटर कार्ड नेतो, तेवढ्याच रकमेची मंजुरी घेतो आणि दोन पावत्या आणतो. त्यातल्या हॉटेलने ठेवायच्या पावतीवर टिपच्या ओळीत १०.८० आणि खाली एकूण ७४.७८ असं स्वतः लिहून सही करायची. रोख टिप ठेवणार असाल तर त्या ओळीवर रेघ मारा, रिकामी सोडू नका. मोबाइलवर आधी ६३.९८ चा मेसेज येतो, ७४.७८ नंतर वळते होतात. ही चोरी नव्हे. फक्त कार्डात शिल्लक जेमतेम नको.

खमंग_काकू: लिहिण्याआधी बिलात 'ग्रॅच्युइटी' म्हणजे टिपच आधी लावलेली आहे का बघायला सांगा. सहा-आठ जण असले की बरीच हॉटेलं ती आधीच लावतात, आणि आपली मंडळी वर पुन्हा टिप देऊन मोकळी! काउंटरवर कॉफी घेताना समोर टॅबलेट फिरवतात, तिथे खुशाल 'नो टिप' दाबा. टेबलावर वाढणाऱ्यांचं मात्र तसं नाही. केंद्रीय कायद्यात त्यांचं किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांत जास्त आहे, तरी भिस्त टिपवरच.

घाटवाट: आणि रोख कशाला लागेल?

पंप_नंबर_४: मुक्कामाच्या हॉटेलात. खोली साफ करणाऱ्यांसाठी रोज सकाळी ३ ते ५ डॉलर, 'थँक यू' लिहिलेल्या चिठ्ठीखाली. शेवटच्या दिवशी एकदम नको, माणूस बदललेला असतो. बॅग उचलणाऱ्याला नगामागे २. म्हणून १ आणि ५ च्या नोटा मागून घ्या, शंभराची तिथे कामाची नाही.

हॉटेलचं डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर देऊ नका, ती रक्कम कित्येक दिवस अडकून पडते. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, आणि निघण्याआधी ॲपमध्ये त्याचा परदेशी वापर चालू करा. यंत्राने 'रुपये की डॉलर' विचारलं तर डॉलरच. रुपयांचा दर दुकानाकडची बँक लावते, तो महागच पडतो.

न्यू जर्सीत पेट्रोल कर्मचारीच भरतो, त्याला टिप द्यायची पद्धत नाही. पेनसिल्व्हेनियात शिरलात की स्वतः भरायचं. तिथला पंप झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) मागतो आणि भारतीय कार्ड बहुतेक वेळा नाकारतो. आत जाऊन पंप क्रमांक सांगा, ४० डॉलर आधी भरा. पेट्रोल कमी बसलं तर उरलेले परत मिळतात.