‘मुलं तुमची, पैसे आमचे?’ : पाळणाघराला सरकारी अनुदान

वाकडची आई
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एका काकांनी टाकलं : "पाळणाघराच्या फीला सरकारने अनुदान द्या म्हणे. मुलं यांची, दोन-दोन पगार यांचे आणि बिल आमच्या टॅक्सवर." खाली अकरा अंगठे. तिथे भांडले तर प्रकरण पार्किंगपर्यंत जाईल, म्हणून इथे लिहितेय.

लेकीच्या पाळणाघराची फी महिना साडेअकरा हजार. साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड. भूमकर चौकात गाडी अडकली की दंडाचं मीटर डोळ्यांसमोर पळतं. भरते मी, त्याचं रडगाणं नाही. मला बोलायचंय ते तिथल्या ताईंबद्दल. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन त्या दुपारी बारा वाजता शेजारणीला फोन लावतात, "आला का गं तुझ्याकडे?" त्यांचा स्वतःचा मुलगा दोन वर्षांचा. थेरगावच्या खोलीत नऊ वर्षांच्या बहिणीपाशी असतो आणि तिची शाळा दुपारची.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. माझ्या कंपनीत आहे टायअप. ताईंच्या मालकिणीकडे सगळ्या मिळून सहा जणी! पाळणाघरातल्या बाईलाच पाळणाघर नाही. वस्त्यांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, २०२२ पासून महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ कार्यक्रमाखाली, अंगणवाडीला जोडून. म्हणजे सरकारने पैसे द्यायचे हे कधीच ठरलंय, काका. आता ते आमच्या बाजूच्या वस्तीत दिसू दे, एवढंच.

शनिवारातला
ते काका मी नव्हे, पण बारावा अंगठा माझा. पोर झाल्यावर फ्लॅट घेतलात, गाडी घेतलीत, तेव्हा सरकारला विचारलंत? आमची ही बँकेत होती. तीन महिने रजा, दोन मुलं, एक पैसा कोणाकडे मागितला नाही. आई होती घरी.

सांगलीची सून
"आई होती घरी." हे वाक्य नेहमी मुलगा लिहितो, ती आई कधी लिहीत नाही.

शनिवारातला
माझ्या आईवर घसरायचं काम नाही. तिने आनंदाने केलं.

रिटायर्ड पण ड्युटीवर
मी लिहिते मग. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, २०१९ ला सुटले. वाटलं, आता भिशी, सकाळची टेकडी, एक नर्मदा परिक्रमा. मिळालं काय, तर सकाळी आठ ते संध्याकाळी सात नातू. डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, नातू म्हणतो लिफ्ट नको. मुलगा म्हणतो, "आई, बाहेर कोणावर विश्वास नाही गं." सुट्टी मागितली की सुनेचं तोंड एवढंसं. नातू जीव की प्राण आहे, पण सोमवारी सकाळी बेल वाजली की पोटात गोळा येतो. आनंदाने केलं असेलही तुमच्या आईने. विचारलं होतंत?

निगडीचा नवरा
आजी, माफ करा, पण नातवाला ड्युटी म्हणणं कानाला खटकलं. आमच्या आईला आम्ही मुद्दाम गावाहून आणलंय, तिला करमतं. आजीआजोबा असताना पाळणाघर म्हणजे पैसे देऊन पोरकं करणं.

सांगलीची सून
गावाहून "आणलंय". फ्रिज आहे का तो? सासरे तिकडे एकटे भाकऱ्या थापतायत का, तेही सांगा.

निगडीचा नवरा
तुम्हाला काय करायच्यात आमच्या भाकऱ्या? (मेसचा डबा लावलाय.)

सिंहगड रोडवरची पाळणाघरवाली
आजी-पुराण संपलं असेल तर बोलू का? सोळा वर्षं पाळणाघर चालवते. अनुदान नको, नको, नको. नणंदेची छोटी शाळा आहे, आरटीईखाली पंचवीस टक्के मुलं फुकट घ्यायची, त्यांच्या फीची सरकारी परतफेड वर्षानुवर्षं लटकलेली. शिक्षकांचे पगार तिने सोनं ठेवून केलेत. फीचा अर्धा भाग सरकारकडून येणार म्हटलं की माझ्या बायकांचा पगार त्या फाइलवर अवलंबून.

नियमांचं म्हणाल तर २०१६ ला खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाणीचं प्रकरण झालं तेव्हा प्रत्येक पालकाला कॅमेरा हवा होता. बसवला. एका बाईकडे किती तान्ही असतात, हे आजवर दोघांनी विचारलं असेल. खरा प्रश्न तोच. माझ्याकडे एका बाईमागे पाच. दहा दिली तर उद्या फी उतरवते, पण मग रडणाऱ्या पाचव्याला उचलेपर्यंत सातवं पलंगावरून खाली. फी जास्त का, तर यासाठी. वर फ्लॅटमध्ये चालवते म्हणून विजेचं मीटर कमर्शियल. तेवढं घरगुती करा, तुमचं अनुदान तुम्हाला लखलाभ.

मॉन्ट्रियलचा पुणेकर
इथे क्यूबेकने १९९७ ला दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. २०२१ पासून कॅनडाचं केंद्र सरकार १० डॉलरच्या मागे आहे. बायका कामावर परतल्या, हे खरं. पण स्वस्त झालं आणि जागा तेवढ्याच, मग रांग. आम्ही बायकोला पाचवा महिना लागला तेव्हा नाव घातलं, नंबर आला तेव्हा पोरगा चालत होता. तोवर पूर्ण फी भरून खासगीत. आधी जागा वाढवा, मग फी कमी करा.

शनिवारातला
आला मॉन्ट्रियल. आता बर्फही पडू दे मुठेत.

सेविकेची लेक
अंगणवाडी १९७५ पासून चालू आहे. माझी आई सेविका. गरम आहार, वजनं, रजिस्टरं, मोबाइलवरची माहिती आणि वर कुठलाही सर्व्हे आला की तीच. डिसेंबर २०२३ ला संपावर गेल्या, तेव्हा याच शहरातले लोक "या बायका मुलांना वेठीला धरतात" म्हणत होते. ‘पाळणा’साठी वेगळी सेविका आणि मदतनीस आहेत, पण त्यांनाही पगार नाही, मानधन. पगार म्हटला की हक्क येतो ना.

शनिवारातला
ठीक आहे. एक कबूल करतो, वाजवा टाळ्या. पस्तीस वर्षं बांधकाम लाइनीत काढलीत. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात होतं, साइटवर ५० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर. हजेरीपटावर पन्नास बायका मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. निम्म्या नवऱ्याच्या नावावर. पोरं वाळूच्या ढिगात. तेव्हा बघवत नव्हतं, पण बोललोही नाही. मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस बिल्डर भरतातच. त्यातून काढा पाळणाघरं. माझ्या टॅक्सला हात लावू नका.

वाकडची आई
म्हणजे द्यायचे हे मान्य, फक्त खिसा दुसऱ्याचा. हेही नसे थोडके.

आज ताईंना विचारलं, तुमच्या अंगणवाडीत ‘पाळणा’ आलं तर ठेवाल ना? त्यांनी आधी वेळ विचारली. दिवसाला साडेसात तास, म्हणजे साडेनऊला उघडलं तर पाचला बंद. "मला इथून सुटायला सात होतात, मॅडम. तुम्हीच तर येता उशिरा."

रिटायर्ड पण ड्युटीवर
पाच ते सात मग आजीच ना?